लाइव्ह म्हणजे नेमकं काय?



२७ जुलै २०१९ आठवतो? उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली. सुमारे १०५० प्रवाशांची सुटका झाली. तोवर उल्हासनगर, अंबरनाथपासून कोल्हापूरपर्यंत ज्यांचं माणूस गाडीत होतं, त्यांना काय हवं होतं? खात्रीची बातमी. आणि नवीन काही नसेल, तर "इतक्या वाजेपर्यंत वेगळं काही घडलेलं नाही" एवढा तरी निरोप.

सॉफ्टवेअरमध्ये हाच प्रश्न रोज येतो. लिनक्सवर एलटीटीएनजी नावाचं मुक्त साधन आहे. यंत्रात काय घडलं, त्याची वेळेसकट नोंद ते ठेवतं. या नोंदी म्हणजे ट्रेस. लाइव्ह पद्धतीत त्या रिले डेमन या प्रोग्रामकडे येत राहतात. तो लिहीत असतानाच दुसरीकडून वाचणारे त्या मागतात. मग अर्धवट लिहिलेलं कुणी वाचलं तर?

सोपा उपाय म्हणजे एकच मोठं कुलूप: एक वाचेल, बाकीचे थांबतील. पण वाचणारा रेंगाळला, तर लिहिणारा अडतो आणि मागून येणाऱ्या नोंदी गळू लागतात. म्हणून तिथे तीन नियम पाळतात.

पहिला: नोंदींचा गठ्ठा पूर्ण पोचला की मगच त्याची अनुक्रमणिका वाचणाऱ्याला मिळते. दोन्ही वेगळ्या जोडण्यांवरून येतात. जे आधी येईल, ते दुसऱ्यासाठी थांबतं.

दुसरा: प्रत्येक प्रोसेसरचा प्रवाह वेगळा असतो आणि वाचणारा ते वेळेनुसार एकत्र लावतो. एक प्रवाह गप्प राहिला, तर सगळेच अडतात. म्हणून गप्प प्रवाहही ठरावीक वेळाने कळवतो, "मी आहे, इथवर नवीन काही नाही."

तिसरा: प्रवाह संपला तरी त्याची जागा लगेच मोकळी करत नाहीत. किती जण तो वापरताहेत, याची मोजणी असते. शेवटचा बाहेर पडला की मगच आवरायचं.

म्हणजे लाइव्ह याचा अर्थ हाती येईल ते लगेच दाखवणं नव्हे. कुठपर्यंतचं खात्रीचं आहे, हे दर क्षणी ठाऊक असणं म्हणजे लाइव्ह.

बातमी तपासून घ्यावी, ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळालेली आहे. वस्तीत तणाव असताना मोबाइलवर आलेला अर्धा व्हिडिओ पुढे ढकलणं, हे अर्धवट गठ्ठा वाचण्यासारखंच आहे. तिथे नुकसान मात्र माणसांचं होतं. फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: हे पूर्ण आलंय का?