म्हाताऱ्या बोक्याची साखर

भोर-वेल्हे हा भाताचा मुलूख. इथल्या मांजराच्या ताटलीत दूधभात असायचाच. आमचा तेरा वर्षांचा बोकाही त्यावरच पोसलेला. अलीकडे तो सारखं पाणी पिऊ लागला, खाऊनही वाळला, मागच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागला. इकडचे गुरांचे डॉक्टर म्हणाले, ‘साखर दिसते, पुण्याला रक्त तपासा.’ दवाखान्यात घाबरूनच मांजराची साखर चढते; म्हणून फ्रुक्टोसामाइन तपासतात. त्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो.

आता दर बारा तासांनी, पोटात अन्न गेल्यावर, कातडी चिमटीत धरून इन्सुलिन. बाटली ४० युनिटची, तर सिरिंजही ४०चीच हवी. वीज गेली, की बाटली माठाच्या गारव्याला. दूधभात बंद, अंडं, कोंबडी, मासळी सुरू. शेजारच्या आजी हळहळतात, ‘अगं, मुक्या जिवाला भाताचं शीतही नाही?’

तो जेवला नाही, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई नाही. लटपटला, तर हिरड्यांना मध चोळायचा आणि लगेच फोन. लवकर उपचार झाले, तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही. आमच्याचं सुटलेलं नाही. पण परवा तो पुन्हा कणगीवर चढून बसला होता.