गर्भ पडला, दोष कुणाचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी दिलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही. पदविका घेऊन सरकारी आरोग्य खात्यात रक्त-लघवी तपासणारा माणूस आहे. आजचा विषय पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडण्याचा. 'बायकांचा विषय' म्हणून पुरुषांनी उठू नये, ही विनंती.

दिवस गेल्याचं कळल्यावर शंभरातल्या साधारण दहा ते वीस जणींचा गर्भ टिकत नाही. बहुतेकींचा पहिल्या बारा आठवड्यांतच. यातल्या निम्म्याच्या आसपास वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो बीज जुळतानाच झालेला असतो. मग ग्रहण, नजर किंवा 'सुनेनं कळशी उचलली' याला बोल लावण्यात काय अर्थ?

लक्षणं ओळखा. अंगावरून रक्त जाणं, ओटीपोटात आणि कमरेत कळा, गाठी पडणं. थोडा डाग दिसला म्हणजे गर्भ गेलाच असं नाही. सोनोग्राफी करून खात्री करावी. पण तासाला दोन पॅड भिजत असतील, चक्कर, ताप, घाण वासाचा स्राव, पोटात एका बाजूला किंवा खांद्यात तीव्र दुखणं असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेततं. औराद, भालकी, आळंदच्या खेड्यांतून बीदर किंवा कलबुर्गीला पोचायला वेळ लागतो, हे ध्यानात ठेवा.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. इंजेक्शन लागलंच, तर ते ७२ तासांत घ्यायचं असतं. हिमोग्लोबिनही तपासून घ्या. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत परत येते. पुढच्या गर्भाचं डॉक्टरांशी बोलून ठरवा. एकदा गर्भ पडलेल्या बहुतेकींना पुढे सुखरूप मूल होतं.

आणि विश्रांती. कायद्यानं गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली आहे. डॉक्टरांचा दाखला जोडून ती मागता येते. पण घरच्या सुनेला ही रजा कोण देणार? चौथ्या दिवशी ती भाकरी थापत असते, आणि 'अजून लहान आहेस, होईल दुसरं' एवढ्यावर तिची बोळवण होते. तिच्या लेखी ते मूल होतं. तिला रडू द्या. नवऱ्यालाही दुःख होतं, त्यालाही विचारा. महिना उलटूनही झोप-जेवण सुटलेलं असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं.

आज घरोघरी महालक्ष्म्या बाळांसह जेवायला बसल्यात. संध्याकाळच्या हळदीकुंकवाला अशा लेकी-सुनांनाही मानानं बोलवा. त्यांची ओटी भरा, आणि काही विचारू नका.

गणपती बाप्पा मोरया!