बाजारपेठेतले दिवे



लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर असा, इंदूरच्या सराफ्यात असा, की एखाद्या तालुक्याच्या गावातील चार दुकानांच्या पेठेत असा, एक गोष्ट सर्वत्र सारखीच दिसते. व्यापाऱ्याचे दिवे त्या दिवशी दोन ठिकाणी लागतात. एक आत, गादीवर मांडलेल्या नव्या वहीपाशी. आणि दुसरा बाहेर, दुकानाच्या दर्शनी भागावर. पहिला दिवा लक्ष्मीसाठी असतो, दुसरा रस्त्याने जाणाऱ्यासाठी. पहिल्याविषयी शास्त्रात आणि लोकाचारात पुष्कळ सांगितलेले आहे. दुसऱ्याविषयी, तो एवढा झगझगीत असूनही, कोणी फारसा विचार केलेला दिसत नाही. आज मी बोलणार आहे तो या दुसऱ्या दिव्याविषयी.

हा दिवा गिऱ्हाइकाला बोलावण्यासाठी लावलेला असतो, म्हणून त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. सणाच्या रोषणाईचे व्यापाराशी नाते विजेइतकेच जुने आहे. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी २२ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी नाताळच्या झाडावर तांबडे, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले. घर त्यांचे, सण कुटुंबाचा. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एडिसनचे वीजकेंद्र त्या शहरात सुरू झालेले होते आणि वीज विकायची होती. सणाच्या विद्युत्-रोषणाईचा आरंभ असा घर आणि दुकान यांच्या उंबरठ्यावरच झालेला आहे.

आपल्याकडे याहून जुना एक नमुना आहे. जेजुरीच्या गडावर चढताना वाटेत दगडी दीपमाळा लागतात. भक्तांनी त्या आपापल्या पैशाने बांधल्या. बांधणाऱ्याचे नाव कोरलेच, तर ते खाली पायाशी. प्रकाश मात्र वर, येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांसाठी. खर्च एकाचा आणि उजेड सर्वांचा, हा दीपमाळेचा न्याय आहे. माझे म्हणणे एवढेच, की दुकानापुढच्या रोषणाईलाही हाच न्याय लागू आहे. तो दिवा लावण्याचा हक्क व्यापाऱ्याचा. परंतु एकदा उजेड उंबरठ्याबाहेर पडला की तो रस्त्याचा झाला, आणि रस्त्याचे जे जे म्हणून असते त्याची जबाबदारीही त्यासोबत आली.

हे ज्या पेठेने ओळखले ती शोभते. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील व्यापाऱ्यांच्या संघाने १९५४ साली सबंध रस्त्यावर नाताळची रोषणाई केली. युद्धानंतरचे लंडन उदास दिसते, अशी टीका त्या वेळी वृत्तपत्रातून झाली होती. तिला हे उत्तर होते. १९५९ साली शेजारच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटनेही तेच केले. वर्गणी सर्वांची, आराखडा एक. याउलट जिथे प्रत्येक दुकान शेजाऱ्यावर मात करू पाहते, तिथे एकाची माळ निळी तर दुसऱ्याची हिरवी. एकाची लुकलुकते तर दुसऱ्याची धावते. आणि पाहणाऱ्याचा डोळा कोठेच ठरत नाही. ज्या वाड्याच्या लाकडी कमानीवर दोन ओळी मंद दिवे सोडले असते तर तीनशे पावलांवरून ती कमान ओळखू आली असती, तीच कमान माळांच्या जाळ्याखाली दिसेनाशी होते. रोषणाईने इमारत दाखवावी, झाकू नये, हा या कलेतील पहिला पाठ आहे.

रंगाचेही तसेच. प्रकाशाच्या छटेचे मोजमाप केल्विन या एककात करतात. पणतीची ज्योत सुमारे १९०० केल्विनची, जुना तारेचा दिवा सुमारे २७०० केल्विनचा, आणि हल्लीचा निळसर पांढरा दिवा ६५०० केल्विनच्या आसपासचा. आकडा जितका लहान तितका प्रकाश डोळ्यांना उबदार वाटतो. दवाखान्याला जो उजेड योग्य, तो मिठाईच्या दुकानाला योग्य असेलच असे नाही.

खर्चाची कथा तर विलक्षण आहे. पूर्वी आरास करीत ती रंगीत 'झिरो'च्या दिव्यांनी. नाव झिरो, परंतु प्रत्येक दिवा सुमारे १५ वॅट वीज खात असे. असे २०० दिवे लावले की तासाला तीन युनिटे संपत. आज शंभर बारीक एलईडींची माळ अवघ्या पाच-दहा वॅटमध्ये उजळते. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा प्रकाश साध्य झाला, तिच्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वीज वाचली, हे खरे. परंतु दिवा स्वस्त झाला तेव्हा आपण तेवढ्यावर थांबलो नाही. दहा माळांच्या जागी शंभर लावल्या, आणि दिवाळीसाठी चढवलेल्या माळा शिमग्यापर्यंत झाडांवर ठेवल्या. झाडांवरील या रोषणाईविरुद्धची जनहितयाचिका २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, ती काही उगीच नव्हे. रात्रीचा अंधार हीदेखील पाखरांची गरज आहे.

आता मी त्या भागाकडे येतो, ज्यासाठी हा विषय मी निवडला.

हुगळीच्या काठी चंदननगर नावाचे गाव आहे. जगद्धात्रीच्या पूजेसाठी आणि तिच्या मिरवणुकीतील दिव्यांच्या चित्रांसाठी ते प्रसिद्ध आहे. कलकत्त्याच्या दुर्गापूजेला आणि पार्क स्ट्रीटच्या नाताळाला येथील कारागिरांचे दिवे जातात. तेथे दिवे लावणे हा प्रतिष्ठेचा धंदा आहे. कारागिराला नाव आहे. आपल्या बहुतेक पेठांतून मात्र माळ दिसते, ती बांधणारा हात दिसत नाही.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेचा मुख्याधिकारी होतो. दिवाळीच्या आधी तेथील व्यापारी मुख्य रस्त्यावर दिव्यांच्या कमानी उभारण्याची परवानगी मागण्यास आले. अर्जाचा छापील नमुना होता. कमानीची उंची किती, रस्ता किती अडेल, शुल्क भरले काय, कमानी कोणत्या तारखेस उतरवणार, असे सर्व रकाने त्यात होते. सर्व भरलेले होते. मी सही केली.

धनत्रयोदशीच्या दुपारी अवेळी पावसाची सर येऊन गेली. मुहूर्त जवळ, म्हणून काम थांबले नाही. मंडपवाल्याकडचा एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा ओल्या लोखंडी कमानीवर चढला. तारेचा जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेला होता. त्याला धक्का बसला आणि तो खाली पडला. वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटे कायमची वाकडी राहिली. मी चौकशीला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, तो माझा माणूस नव्हता, मंडपवाल्याचा." मंडपवाला म्हणाला, "माझ्याकडे तो रोजावर होता." दोघांचेही म्हणणे कागदावर खरे होते. कचेरीत परतल्यावर मी तो अर्ज पुन्हा काढून वाचला. त्यात चढणाऱ्या माणसासाठी रकाना नव्हता. आणि ते सही करताना माझ्याही ध्यानात आले नव्हते.

पुढल्या वर्षी त्या नमुन्यात आम्ही दोन ओळी वाढवल्या: जोडणी कोणत्या परवानाधारक वायरमनने तपासली, आणि वर चढणाऱ्यांची नावे काय. दोन ओळींनी जग बदलते असे मी म्हणणार नाही. परंतु नाव लिहावे लागले की माणूस कोणाचा, हा प्रश्न अपघातानंतर नव्हे, आधी सुटतो.

बाकीच्या खबरदाऱ्या साध्या आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही. एलईडीला स्वतःला तीन-एक व्होल्ट पुरतात. परंतु बाजारातील पुष्कळ स्वस्त माळा थेट २३० व्होल्टवर चालतात. हाताला लागेल तेथे ट्रान्सफॉर्मरवर चालणारी, कमी दाबाची माळ लावावी. बाहेरच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारी कळ बसवावी. माणसाच्या अंगातून प्रवाह वाहू लागताच ती क्षणार्धात पुरवठा बंद करते. उघड्यावर पावसाला टिकणारेच दिवे आणि जोड वापरावेत. लोखंडी शटर आणि कमान यांना अर्थिंग द्यावे. पाऊस पडला तर काम थांबवावे, आणि मुहूर्त टळला तरी टळू द्यावा. एका माळेवाचून रुसून जाईल अशी लक्ष्मी मला ठाऊक नाही.

शेवटी एक लहानशी गोष्ट. आपल्या घरांतून देवापुढचा दिवा 'विझवला' असे कोणी म्हणत नाही; दिवा मालवला, दिवा शांत केला, असेच म्हणतात. दिवा लावण्याइतकाच तो मालवण्याचाही विधी असतो, हे त्या शब्दांनी जपले आहे. पेठेतील रोषणाईलाही तो विधी हवा. रात्री ठरल्या वेळी दिवे मालवावेत. सण संपताच माळा उतरवाव्यात, आणि चढवताना जितकी काळजी घेतली तितकीच उतरवताना घ्यावी. कारण त्या वेळी पाहायला गर्दी नसते, व्यापारी हिशेबात असतो, आणि शिडीवर तोच मुलगा पुन्हा चढलेला असतो. तेवढ्यापुरती शिडी धरायला खाली कोणीतरी उभे राहावे, एवढीच माझी विनंती आहे.