ओट्याची स्वच्छता



सातारा जिल्ह्यांत येरळा नदीच्या कांठीं वसलेलें वडूज हें खटाव तालुक्याचें मुख्य ठिकाण. हा मुलूख पर्जन्याच्या बाबतींत नेहमींच उणा. ऐन उन्हाळ्यांत नदीचें पात्र कोरडें पडलें कीं घागरभर पाण्याचें मोल काय, हें तेथील गृहिणीस शिकवावें लागत नाहीं. थोड्या पाण्यांत स्वयंपाकघर निर्मळ ठेवण्याची विद्या त्या भागांतील जुन्या बायकांना चांगली अवगत होती. चुलीची राख, चिंचेचा कोळ, लिंबाचें साल, नारळाची शेंडी आणि रिठ्याचें पाणी एवढ्या साहित्यावर त्यांचें घर लख्ख राहत असे.

या साहित्यामागें शास्त्र आहे. लाकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. तो तेलकट मळ सोडवितो. चिंच व लिंबू यांतील आम्ल तांब्यापितळेवरचा काळा थर विरघळवितें. रिठ्याच्या सालींत फेंस आणणारें सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. तेलास क्षार आणि धातूच्या डागांस आम्ल, हा नियम आजीबाईंस पुस्तकावांचून ठाऊक होता.

परंतु पुढें घरें पालटलीं. २०१६ सालीं उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर गॅसची शेगडी खेडोपाडीं अधिकच पोहोंचली, राख दुर्मिळ होत चालली आणि चुलीच्या जागीं कडप्प्याचा ओटा आला. चूक होते ती येथेंच. लिंबू हें निसर्गाचें देणें, तेव्हां तें निरुपद्रवीच असणार, अशा समजुतीनें घरची सून ओट्यावर अर्धें लिंबू फिरविते, आणि काळ्याभोर दगडावर पांढुरके चट्टे उमटतात. सासूबाई तिला बोल लावतात. ती बिचारी अधिकच जोरानें घांसत बसते. वास्तविक दोष तिच्या हाताचा नव्हे. कडप्पा व शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. आम्ल लागतांच त्यांचा पृष्ठभाग खाल्ला जातो. तो चट्टा मळाचा नसल्यामुळें घांसून जात नाहीं. ताक किंवा चिंचेचा कोळ सांडल्यास तोही तत्काळ पुसावा. ग्रॅनाइटला मात्र आम्लाची एवढी भीति नाहीं.

मग ओटा पुसावा कशानें? कोमट पाणी, थोडा साबण किंवा रिठ्याचें पाणी आणि मऊ फडकें एवढें पुरें. चिकट डागावर खाण्याच्या सोड्याचा ओला लेप कांहीं मिनिटें ठेवून हलक्या हातानें काढावा आणि शेवटीं ओटा कोरडा करावा. सोडा व लिंबू एकत्र करण्यांत अर्थ नाहीं. फसफस पुष्कळ होते, पण दोन्ही एकमेकांचा गुण मारतात. पुसण्याचें फडकें उकळत्या पाण्यांत घालून उन्हांत वाळवावें. घाण फडक्यानें पुसलेला ओटा दिसण्यापुरताच स्वच्छ असतो.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घरानें कटाक्षानें पाळावी. ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम द्रव यांत लिंबू, व्हिनेगर अथवा दुसरें कोणतेंही आम्ल कधींही मिसळूं नये. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो आणि कोंदट स्वयंपाकघरांत तो जिवावर बेतूं शकतो. चुकून तसें झालेंच, तर मुलाबाळांसह ताबडतोब मोकळ्या हवेंत यावें. ओटा मागाहून पुसतां येतो.

जुन्या बायकांनीं कोणत्या वस्तूस काय लावावें हें पिढ्यान्‌पिढ्या पारखून ठरविलें होतें. आतां दगड नवा आहे, तेव्हां पारखही नव्यानें करावयास हवी. सासूनें आपली विद्या सुनेस द्यावी, सुनेनें दगडाचा गुण सासूस सांगावा, म्हणजे ओटाही राहील आणि घरांतील गोडीही राहील.