शतावरी, जवस आणि ऋतुचक्र

वेण्णेच्या कांठचें मेढा हें जावळी तालुक्याचें मुख्य गांव. सह्याद्रीच्या या पट्ट्यांतील रानांत शतावरीची कांटेरी वेल आढळते. बाळंतिणीला दूध यावें म्हणून तिच्या मुळ्यांचा कल्प देण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. पाळी अनियमित झाली, कीं हीच शतावरी, जोडीला जवस व सोयाबीन घ्यावें, असा सल्ला सुशिक्षित घरांतूनही मिळतो. त्यांत तथ्य किती?

स्त्रीच्या बीजकोशांत इस्ट्रोजेन हा अंतःस्राव निर्माण होतो. गर्भाशयाचें अस्तर वाढविणें हें त्याचें एक काम. कुलपांत किल्ली बसावी, तसा तो पेशींतील ग्राहकांत बसतो. सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन द्रव्यें घडणीनें त्याच्यासारखीं असल्यामुळें त्याच कुलपांत शिरतात. मात्र किल्ली पुरती फिरत नाहीं. जवस व तीळ यांतील लिग्नान द्रव्यांना तर आधीं आंतड्यांतील जंतूंकडून नवें रूप मिळावें लागतें. म्हणूनच एकच आहार दोघींना सारखा लागू पडत नाहीं.

हा गुण काल्पनिक नव्हे. पश्चिम ऑस्ट्रेलियांत एका जातीच्या क्लोव्हरवर चरणाऱ्या मेंढ्यांना गर्भ राहीनासा झाल्याचें १९४६ सालीं प्रसिद्ध झालें. कारण हींच आयसोफ्लेव्होन. पण मेंढ्यांचा तो सारा चारा होता. माणसाच्या ताटांत हीं द्रव्यें थोडीं असतात. १९९३ सालच्या एका प्रयोगांत १८ स्त्रियांना रोज १० ग्रॅम जवसाची पूड दिली, तेव्हां चक्राचा उत्तरार्ध किंचित् लांबला. सोयाबीनवरील अनेक प्रयोग एकत्र तपासतां पाळी सरासरीनें सुमारें एक दिवस लांबल्याचें दिसलें. शतावरींतील शतावरिन हीं द्रव्यें निराळ्या, सॅपोनिन वर्गांतलीं. त्यांचे स्त्रियांवरील प्रयोग फारच थोडे.

तेव्हां जवसाची चटणी, तिळाची पोळी जेवणांत अवश्य असावी. तिला औषध मात्र समजूं नये. पाळी तीन महिने न येणें, आठ दिवसांहून अधिक चालणें, अतिस्राव होणें, यांच्यामागें थायरॉइडचा बिघाड किंवा गर्भाशयांतील गांठ असूं शकते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा स्त्रीनें अतिस्राव सोसत काढ्यांवर महिने घालवणें धोक्याचें. गर्भवतीनें, तसेंच स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीनें, शतावरीचा कल्पही डॉक्टरांस विचारूनच घ्यावा. ताटाचें काम ताटानें करावें, तपासणीचें तपासणीनें.