अवलंबित कोण? सज्ञान मुले आणि आयकर
(बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील कामगार मेळाव्यात केलेले भाषण)



विवरणपत्राचे दिवस आले की युनियनच्या ऑफिसात हमखास एक प्रश्न येतो. "मुलगा 22 वर्षांचा, अजून घरीच आहे. त्याला आम्हीच पोसतो. मग आयकरात त्याची सूट का नाही?"

उत्तर कडू आहे. नुसते मूल पोसतो म्हणून आपल्या कायद्यात एक रुपयाचीही वजावट नाही. 'अवलंबित' हा शब्द एक, पण अर्थ तीन. रेल्वे पासात मुलगा साधारणपणे 21 वर्षांपर्यंत, विद्यार्थी असल्यास पुढेही. कुटुंब पेन्शनमध्ये 25 वर्षांपर्यंत. आयकरात मात्र पासावरचे नाव चालत नाही. तेथे ठराविक खर्चापुरतीच सूट मिळते. दोन मुलांची शिकवणी फी 80सी मध्ये, अवलंबित मुलांचा आरोग्य विम्याचा हप्ता 80डी मध्ये, शैक्षणिक कर्जाचे व्याज 80ई मध्ये.

एक मोठी सूट मात्र आपले लोक मागतच नाहीत. मूल अपंग असेल, आपल्यावरच अवलंबून असेल आणि त्याच्यावर औषधोपचाराचा किंवा सांभाळाचा खर्च होत असेल, तर 80डीडी मध्ये वयाची अट नाही. अपंगत्व 40 टक्के असेल तर 75,000 रुपये, 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000 रुपये वजा होतात. खर्च कमी झाला तरी रक्कम पूर्ण मिळते. 20 टक्के दराने पहिल्या रकमेवर उपकरासह 15,600 रुपये वाचतात. सरकारी डॉक्टरांचे प्रमाणपत्र मुदतीत ठेवा. मुलाने स्वतः 80यू घेतलेले नसावे.

ही कलमे 1961 च्या कायद्यातील. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा कायदा लागू असल्याने त्यांचे क्रमांक बदलले आहेत. शिवाय ही सूट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. आपण काहीच कळवले नाही तर 2023-24 पासून नवी पद्धत आपोआप लागू होते. म्हणून दोन्हीकडचा हिशोब मांडून पाहा आणि मुदतीत पद्धत निवडा. नव्या पद्धतीत ज्यांचा कर शून्यच येतो, त्यांनी उगाच धावपळ करू नये.

येथे पीण्यात आपली पुष्कळ मुले लेथवर, गारमेंटमध्ये लागली आहेत. मुलगा कमावू लागला की त्याला विम्यात अवलंबित दाखवू नका. सज्ञान मुलाची कमाई बापाच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, ती त्याचीच. काही ठिकाणी पगाराऐवजी कंत्राटाचे पैसे दाखवून कर कापतात. उत्पन्न करपात्र नसेल तर मुलाने आपल्या पॅनवर विवरणपत्र भरून तो पैसा परत घ्यावा.

आणि रिफंडचे आमिष दाखवणाऱ्या एजंटापासून सावध राहा. खोटी वजावट सापडली तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड बसतो. तो एजंट भरत नाही, सही करणारा भरतो.

आमची मागणी सरळ आहे. अपंग मुलाला जन्मभर सांभाळणाऱ्या कामगाराची ही सूट नव्या पद्धतीतही मिळालीच पाहिजे. ती मिळेपर्यंत, आज जे हक्काचे आहे ते तरी सोडू नका.

कामगार एकजुटीचा विजय असो!