भोंगा वाजला तर?

(राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त वडोदरा येथे मंडळाच्या सभागृहात झालेले भाषण)



मी बँकेतला कारकून. शिक्षण बी. कॉम., रसायनशास्त्राशी संबंध शाळेतच संपला. ‘कारखान्यांतील धोका आणि आपण’ या विषयावर मी बोलणार हे कळल्यावर घरात सर्वांत आधी माझी मुलगी हसली. मीही कार्यवाहांना म्हटले, आपल्यात एवढे इंजिनिअर आहेत, त्यांना का नाही विचारत? ते म्हणाले, “विचारलं. सगळे म्हणाले, विषय फार चांगला आहे, आम्ही ऐकायला नक्की येऊ.” आले आहेत, मागच्या रांगांत बसले आहेत. त्यांना मी दोष देत नाही. नोकरी आहे, घराचे हप्ते आहेत. ते हप्ते मीच लिहून घेतो.

राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली, म्हणून आपण ४ मार्च पाळतो. फलक लागतात, शपथ होते, शाळांतून घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. माझ्या मुलीला अशाच एका स्पर्धेत स्टीलचा डबा मिळाला. तो डबा बघताना मी तिला विचारले, आपल्या सोसायटीपासून जवळच्या कारखान्यात कोणता वायू साठवतात ग? तिला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. तिचे आजोबा छत्तीस वर्षे कारखान्यात पाळी करून निवृत्त झालेले, त्यांना त्यांच्या कारखान्याचे ठाऊक होते, शेजारच्या कारखान्याचे नव्हते.

आपल्यापैकी पुष्कळांची हीच कथा. वाडवडील गायकवाडांच्या चाकरीत आले, दांडिया बाजार-रावपुऱ्यात राहिले. १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मागोमाग खतांचा कारखाना, पेट्रोकेमिकल्स, नंदेसरीची औद्योगिक वसाहत. सरकारी कचेरीतली मुले पाळीच्या बसमध्ये बसू लागली. या कारखान्यांनी आपल्याला पगार दिला, क्वार्टर दिली, मुलांची शिक्षणे केली. मी कारखान्यांच्या विरुद्ध बोलायला उभा नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे चहाच्या वेळी वाद नको.

काही वर्षांपूर्वी थंडीत, रात्री साडेनऊच्या सुमारास, आमच्या भागात उग्र वास आला. डोळे चुरचुरू लागले. लांबून भोंगा ऐकू आला. कोणी म्हणाले पाळी सुटली, कोणी म्हणाले पाळी साडेनऊला सुटत नाही. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, सगळे गच्चीवर चला. शेजाऱ्यांनी स्कूटर बाहेर काढली. आईने काही न बोलता खिडक्या लावल्या आणि पंचा ओला करून दाराच्या फटीत कोंबला. एकाने कारखान्याच्या फाटकावर फोन केला. पहारेकरी म्हणाला, “ड्रिल छे.” अर्ध्या तासाने वास गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक ओळ नव्हती. पुढे ओळखीतल्या एका मुलाने सांगितले, अमोनियाच्या नळीचा जोड गळत होता, थोडक्यात आटोपले. वर म्हणाला, “कुठं बोलू नका हं काका.”

त्या रात्री बरोबर कोण होते? मी नंतर वाचले, विचारले, तेव्हा कळले की याचे एकच एक उत्तर नाही. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, तळघरात उतरणे घातक. अमोनिया मुळात हवेहून हलका, पण दाबाखालचा द्रव एकदम बाहेर आला तर थंडगार धुक्यासारखा जमिनीलगत पसरू शकतो. स्वयंपाकाच्या गॅससारखा वायू असेल तर स्कूटरची एक ठिणगी पुरे. विषारी वायू असेल तर साधारणपणे घरात थांबावे, खिडक्या लावाव्यात, बाहेरची हवा आत ओढणारे पंखे व यंत्रे बंद करावीत, फटींत ओली फडकी घालावीत. उघड्यावर सापडलात तर नाकातोंडाला ओले फडके धरून वाऱ्याला आडवे निघावे. वाऱ्याबरोबर पळाले तर वायूही बरोबर येतो. म्हणजे आईचे बरोबर होते, गच्चीवरच्या काकांचे चूक. पण हे मला आज ठाऊक आहे. त्या रात्री काय सुटले आहे हेच ज्याला माहीत नाही, त्याने काय करावे?

आता थोडे माझ्या धंद्याचे. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, त्या दोघांकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. मी नवा होतो तेव्हा एका शाखेत सोयीसाठी दोन्ही किल्ल्या एकाच खणात ठेवायची पद्धत पडली होती. रोज पंधरा मिनिटे वाचत. महिनोन्‌महिने काही झाले नाही, आणि ‘काही झाले नाही’ हाच ती पद्धत चांगली असल्याचा पुरावा ठरला. तपासनीस आला, त्याने बघितले आणि रागाने थरथरला. तेव्हा मला तो अतिरेकी वाटला होता.

भोपाळचे वाचताना मला तो खण आठवतो. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट साठवले होते. ते थंड ठेवावे लागते. त्यासाठी शीतयंत्रणा होती, ती १९८४ च्या मध्यापासून बंद होती. सुटलेला वायू धुऊन काढणारे यंत्र होते, ते त्या रात्री चालू स्थितीत नव्हते. वायू जाळून टाकणारा उंच मनोरा होता, त्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. पाण्याचे फवारे होते, ते तेवढ्या उंचीवर पोचले नाहीत. २ डिसेंबरच्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे चाळीस टन विषारी वायू झोपलेल्या गावावर गेला. हजारो माणसे मेली. कॉमर्सवाल्याच्या नजरेने बघा: बंद ठेवलेली प्रत्येक गोष्ट त्या वर्षीच्या हिशेबात बचत म्हणून दिसली असणार. वाढलेला धोका कुठल्याच खात्यात मांडला जात नाही. आम्ही ताळेबंदाच्या तळाशी संभाव्य देणी लिहितो, ज्याची हमी दिली आहे पण अजून भरावे लागलेले नाही ते. कारखान्याचे असे तळटिपेचे पान कोणाला दाखवतात?

आणि ठाऊक नव्हते असेही नाही. १९८२ साली कंपनीच्याच अमेरिकेहून आलेल्या तपासनिसांनी दोष लिहून दिले होते. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या भोपाळच्या पत्रकाराने आपल्या ‘रपट’ या साप्ताहिकात गावाला सावध करणारे लेख लिहिले. कोणी मनावर घेतले नाही.

पण मला त्याहून जास्त बोचते ते त्या रात्रीचे. वस्तीसाठीचा मोठा भोंगा सुरुवातीला थोडा वेळ वाजवून बंद केला, तो सलग वाजू लागला दोन वाजून गेल्यावर. पोलिसांनी कारखान्यात विचारले तर सर्व ठीक आहे असे उत्तर मिळाले. हमीदिया रुग्णालयात माणसे येऊन कोसळत होती आणि डॉक्टरांना आधी सांगितले गेले अमोनिया असेल, मग फॉस्जीन. औषध कशाचे द्यायचे? रेल्वे स्थानकावर गुलाम दस्तगीर या उपअधीक्षकांनी वेळेआधी गाडी सोडून प्रवाशांना वाचवले, ते स्वतःच्या अकलेवर. ओले फडके तोंडाला लावा, एवढे वाक्य आधी घरोघरी पोचले असते तर किती जीव वाचले असते, हा हिशेब मला मांडवत नाही.

कोणी म्हणेल, चाळीस वर्षांपूर्वीचे काय सांगता. ७ मे २०२०. विशाखापट्टणमजवळ एल. जी. पॉलिमर्सचा कारखाना, टाळेबंदीमुळे बंद पडलेला. टाकीतील स्टायरीन तापले आणि पहाटे वायू बाहेर आला. बारा माणसे गेली. चौकशी समितीला आढळले की आवारात छत्तीस ठिकाणी भोंग्याची सोय होती, ती वापरलीच गेली नाही. आपल्या दाराशी यायचे तर ११ नोव्हेंबर २०२४ ला कोयलीत बेंझिनच्या टाकीचा स्फोट होऊन दोन जण गेले, हे सर्वांच्या स्मरणात आहे.

फाटकावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक असतो. चांगला आहे, पण तो घसरून पडणे, बोट चिरडणे याची मोजदाद करतो. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी स्फोटात पंधरा माणसे मेली. त्याच दुपारी तिथले काही कंत्राटी कामगार अपघाताविना महिना गेल्याबद्दलचे जेवण जेवून परतले होते. टाकीचा दाब आणि जिन्यावरचा पाय ही दोन वेगळी खाती आहेत.

आता कायदा. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक कारखान्याने धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही द्यावी, असे त्यात आले. नव्या श्रमसंहितेतही ती तरतूद आहे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत तर स्पष्ट आहे: मोठा अपघात झाल्यास ज्यांना झळ पोचेल अशा बाहेरच्या लोकांना अपघाताचे स्वरूप काय, त्या वेळी काय करायचे आणि काय टाळायचे हे कळवले पाहिजे. १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमले. स्थानिक गटात कारखान्यांचे प्रतिनिधी, अग्निशमनवाले, पोलीस यांच्याबरोबर स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक, गावचा सरपंच किंवा वस्तीतला पुढारी, डॉक्टर, समाजसेवक यांना जागा आहे. मी या सभागृहात बसलेल्या आजी-माजी नगरसेवकांना खाजगीत विचारले, आपल्या भागाच्या गटावर कोण आहे? एकाने विचारले, “कसला गट?” नाव घेत नाही, चहा त्यांच्याकडूनच आहे.

१९९१ चा सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा मी विम्याच्या टेबलावर बसत असताना वाचला. चूक कोणाची हे सिद्ध न करता तातडीची मदत मिळावी, ही कल्पना उत्तम. मृत्यूसाठी त्यात धरलेली रक्कम होती पंचवीस हजार रुपये. तो आकडा वाचून मी फाइल मिटली होती.

“लोक घाबरतील, म्हणून सांगत नाही,” हे कारण नेहमी ऐकू येते. याला माझ्याकडे काउंटरवरचे उत्तर आहे. पासबुकावर ठेव विम्याचा शिक्का असतो, बँक बुडाली तर किती रक्कम मिळेल याचा. २०१९ साली मुंबईची एक सहकारी बँक अडचणीत आली, तेव्हा अशा शिक्क्याचे छायाचित्र मोबाइलवर फिरले आणि माझ्यापुढे रांग लागली. “साहेब, आ बँक डूबवानी छे के शुं?” मर्यादा तेव्हा एक लाख होती, अनेक वर्षांपासूनची. खाते उघडतानाच आम्ही ती नीट समजावली असती तर कोणी रांग लावली नसती. शांत दिवशी सांगितलेले माणूस ऐकून घेतो. तेच भीतीच्या दिवशी समोर आले की तो पळत सुटतो. आमच्याच चुकीवरून सांगतो आहे.

म्हणून मंडळाने एक अर्ज तयार केला आहे, जिल्हाधिकारी व कारखाना निरीक्षकांच्या नावे. चार गोष्टी मागितल्या आहेत: आमच्या वस्तीपर्यंत झळ पोचेल असे कोणते पदार्थ कुठे साठवले आहेत, भोंग्याच्या कोणत्या आवाजाचा काय अर्थ, रात्री खरे उत्तर देणारा दूरध्वनी क्रमांक कोणता, आणि स्थानिक गटावर कोण कोण आहे. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात पुन्हा मागू.

अर्जाच्या भाषेवरून कार्यकारिणीत वाद झाला, तोही सांगतो. काहींचा आग्रह होता की माहितीपत्रके मराठीत मागावीत, आपण मराठी मंडळ आहोत. मी विरोध केला. कुंपणाच्या भिंतीला लागून राहतात ते उत्तर प्रदेश-बिहारकडचे कंत्राटी मजूर आणि आसपासच्या गावांतले गुजराती शेतकरी. वायू प्रथम त्यांच्याकडे जाणार. म्हणून पत्रके गुजराती आणि हिंदीत मागितली आहेत. मराठीत आपण आपल्या खर्चाने छापू, या अंकाबरोबर वाटू.

सह्यांबद्दल एक विनंती. जे आज कारखान्यांत नोकरीला आहेत त्यांनी सही करू नये, आम्ही त्यांना विचारणारही नाही. सह्या निवृत्तांच्या, गृहिणींच्या आणि माझ्यासारख्या बाहेरच्यांच्या असतील. मागच्या रांगेतल्या मंडळींनी मात्र अर्जातला तांत्रिक मजकूर तेवढा नजरेखालून घालावा, एखाद्या रसायनाचे नाव मी चुकीचे लिहिले असेल. अर्ज दाराजवळच्या टेबलावर आहे, पेन दोरीला बांधलेले आहे, बँकेची सवय. चहा झाला की कुलकर्णी वहिनी तिथे बसतील.